एका लग्नाच्या दोन पत्रिका

आमच्यातल्या शिकल्यासवरल्या, कंपनीत पर्मनंट झालेल्या, वाकडला-मोशीला फ्लॅट घेतलेल्या मंडळींनी अलीकडं एक रीत काढलीय. लग्न एक. नवरा-नवरी तीच, हॉल तोच, तारीख तीच. पत्रिका मात्र दोन.

एक निळी. वर तथागत, बाजूला बाबासाहेब, मधे 'नमो बुद्धाय, जय भीम', खाली 'मंगल परिणय'. ही वस्तीत वाटायची, गावाकडं पाठवायची, विहारात ठेवायची. दुसरी पिवळसर जाड कागदाची, सोनेरी कडेची, आत आणखी एक झुळझुळीत कागद. तिच्यावर तथागत नाहीत, बाबासाहेब नाहीत. वर गणपती आहे, खाली 'शुभविवाह' आहे. ही साहेबांना द्यायची, सोसायटीत वाटायची. दुकानात हिला 'क्लासिक' म्हणतात.

हे मी ऐकीव सांगत नाही. मागच्या उन्हाळ्यात एकाच लग्नाच्या ह्या दोन्ही पत्रिका मी पाहिल्या. निळी आमच्या घरी आली, कारण आम्ही वस्तीत राहतो. क्लासिक आमच्या मिलच्या डिस्पॅच ऑफिसात साहेबाच्या टेबलावर पडलेली होती. दुसऱ्या दिवशी घरची निळी डब्याच्या पिशवीत घालून नेली आणि जेवणाच्या सुट्टीत दोन्ही शेजारी ठेवून ओळीनं वाचल्या. नवरदेवाचं नाव इथं लिहीत नाही. माणूस वाईट नाही, चौदा एप्रिलला न मागता वर्गणी देतो.

निळीवर त्याच्या आजोबाच्या नावामागं 'कालकथित' होतं. क्लासिकवर 'कै.' झालं होतं. म्हातारा जन्मभर विहाराची झाडलोट करून बौद्ध म्हणून मेला, नातवानं छापखान्यात त्याला कैलासाला धाडला! निळीवर 'आयुष्मती' असलेली आई क्लासिकवर 'सौ.' झाली. निळीवर मामांची नावं आडनावासकट होती. क्लासिकवर नुसतं 'समस्त मामा परिवार', कारण आडनाव छापलं की जात छापली. आणि हॉलचा पत्ता? निळीवर 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर चौक, पिंपरी'. क्लासिकवर 'पिंपरी चौक, मुंबई-पुणे रस्ता'. अरे, पुतळा तर तिथंच उभा आहे! तुझा साहेब त्याच्याच पायाशी वळून हॉलवर येणार. कागदावरनं तू बाबासाहेबाला उठवलंस, चौकातनं कसा उठवणार?

ह्यांना विचारलं तर उत्तर तयार असतं. "पत्रिका म्हंजे काय धर्मग्रंथ आहे का? दिसायला चांगली, सगळ्यांना चालंल अशी न्यूट्रल घेतली."

दोस्तांनो, ह्या 'न्यूट्रल'वर जरा थांबू. गणपती न्यूट्रल आणि बुद्ध जातीचा, हे कुणी ठरवलं? गणपतीच्या पत्रिकेला कुणी 'हिंदूंची पत्रिका' म्हणत नाही. तिला नुसती पत्रिका म्हणतात. आमच्या पत्रिकेला मात्र 'जयभीमवाल्यांची पत्रिका'. त्यांची ती भाषा, आमची ती बोली. त्यांची ती वस्ती, आमची ती झोपडपट्टी. त्यांचं ते क्लासिक, आमचं ते जातीचं. तेव्हा जो आपला माणूस क्लासिक घेतो तो काही मधे उभा नसतो. तो सरळ पलीकडं जाऊन उभा राहिलेला असतो आणि आम्हाला मात्र निळी धाडून सांगत असतो की मी तुमचाच आहे.

गणपतीवर माझा राग नाही. शेजारच्या काकूंच्या मुलाची पत्रिका गणपतीसकट आली, आम्ही सगळे गेलो, पोटभर जेवलो. ज्याचा देव त्यानं छापावा. पण ज्यांच्या आजापणजानं १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बावीस प्रतिज्ञा घेतल्या, त्यातली तिसरीच गौरी-गणपतीला देव न मानण्याची आहे, त्यांच्या घरच्या लग्नाला गणपती कशाला? साहेबाला बरं वाटावं म्हणून? साहेबाचा देवही त्यात खोटा पडतो आणि आपली प्रतिज्ञाही.

आता दुकानाची गोष्ट. आमच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. ती चाकणला गाड्यांच्या वायरी बांधायच्या लायनीवर उभी राहून काम करते, मी चाकणच्या पुढं कागदाच्या मिलमध्ये कॉन्ट्रॅक्टवर. मी, ती आणि आबा असे तिघं पत्रिका बघायला गेलो. दुकानदारानं पुढ्यात अल्बम टाकले. क्लासिक, रॉयल, प्रीमियम. पान उलटलं की गणपती. पानाचा गणपती, मोराच्या पिसाचा गणपती, नुसत्या दोन रेघांचा गणपती. बुद्धाचा अल्बम मागितला तर गल्ल्याखालून एक पातळ वही काढली, प्लॅस्टिक फाटलेली, सगळी कार्डं एकाच निळ्या रंगाची.

त्या दुकानदाराशी माझं भांडण नाही. हा धंदा कसा चालतो ते समजून घ्या. कार्ड इथं तयार होत नाही. शिवकाशीकडून, दिल्लीच्या चावडी बाजारातून कोरी कार्डं गठ्ठ्यानं येतात. चित्र, सोनेरी काम, उठाव सगळं आधीच झालेलं असतं. इथं फक्त नावं-गावं छापतात. म्हंजे तुमच्या पोरीचं लग्न ठरायच्या आधी, कदाचित ती पोरगी जन्मायच्याही आधी, तिच्या पत्रिकेवर कोण बसणार ते ठरलेलं असतं. तुम्ही 'निवड' करता ती फक्त सोंड डावीकडं का उजवीकडं एवढीच.

बहिणीला एका कार्डाचा कागद आवडला. आबांनी गणपतीवर बोट ठेवलं आणि दुकानदाराकडं बघितलं. तो म्हणाला, "त्यात काय, बुद्धाचा सोनेरी स्टिकर आहे आपल्याकडं. वरनं लावून देतो. तुमच्यातले लई लोक तसंच नेतात." त्यानं लावूनही दाखवला. लांबून बरा दिसला. पण आबांची बोटं हमालीनं घट्टे पडलेली असली तरी हुशार आहेत. त्यांनी स्टिकरवरनं अंगठा फिरवला आणि म्हणाले, "सोंड लागतीय."

उठाव होता ना खाली. तथागताच्या पोटात सोंड! आम्ही हसत हसत बाहेर पडलो. पण मला रात्रभर तेच दिसत होतं, की आमच्या किती घरांत असंच आहे. वरनं स्टिकर, खाली सोंड.

त्या कार्डाची किंमत ३८ रुपये होती. तीनशे घेतली तर ११,४०० रुपये, माझी सतरा दिवसांची मजुरी. आणि त्या सोनेरी कार्डाचं पुढं काय होतं ते मला विचारा, मी तेच काम करतो. आमच्या मिलमध्ये रद्दीच्या गाठी येतात. लग्नसराई संपली की गाठीगाठीतनं पत्रिका निघतात. साध्या कागदाची पत्रिका पल्परमध्ये पाण्याबरोबर घुसळली की तासाभरात लगदा होते, तिचा खाकी कागद होतो, त्याची खोकी होतात आणि त्या खोक्यात बसून ह्याच पट्ट्यातले गाड्यांचे पार्ट बाहेर जातात. क्लासिकचा लगदा होत नाही. तिच्यावर सोनेरी पत्रा, प्लॅस्टिकचा थर, मखमल. पल्परनं चावून चावून थुंकून टाकलेली ती चिंधी वेगळी काढावी लागते. आमच्या आयाबहिणी रद्दीपाशी उकिडव्या बसून हातानं असली कार्डं निवडतात, बोटं कापून घेतात. साहेबाला दाखवायला आणलेलं वैभव शेवटी आमच्याच बाईच्या हातात येतं, हे त्या वैभववाल्यांनी एकदा येऊन बघावं.

पण मुद्दा पैशाचा नाही. लग्नाला बोलावणं म्हंजे काय, हे आपल्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक असणार? गावगाड्यात दुसऱ्याचे निरोप पोचवायचं काम आमच्या पणजाचं होतं. गावात मेलं कुणी की मयताचा सांगावा घेऊन महारानं उन्हातान्हात गावोगाव पळायचं. हे त्याचं वतन! आणि पाटलाच्या घरी लग्न निघालं की पणजाला अक्षत नव्हती. त्यानं लाकडं फोडायची, मांडवाबाहेर बसायचं आणि पंगती उठल्यावर उरलेलं अन्न टोपलीत घ्यायचं. ते वतन १९५८ च्या कायद्यानं गेलं. दुसऱ्याचा सांगावा वाहणाऱ्याच्या पणतूला आता स्वतःच्या नावानं, स्वतःच्या दारात चार माणसं बोलवायची सोय झाली. त्या बोलावण्यावर तू तुझंच नाव लपवतोस?

जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि तीनच महिन्यांत, २५ डिसेंबरला, पुण्यात भटाशिवाय पहिलं लग्न लावलं. सावित्रीबाई त्यात पुढं होत्या. पुढं गावोगावच्या जोशांनी दक्षिणा बुडाली म्हणून कोर्टात दावे लावले. म्हंजे नुसतं लग्न कसं लावायचं एवढ्यावर त्या लोकांना कोर्टाची पायरी चढावी लागली, तरी त्यांनी दोन तऱ्हेची लग्नं लावली नाहीत, की एक समाजाला दाखवायला आणि एक जोशाला खूष करायला. जोतीरावांच्या मंगलाष्टकात नवरी गप्प उभी नसते. ती बायांचे हक्क मागते आणि नवऱ्याला सगळ्यांसमोर कबूल करावं लागतं.

आणि २५ डिसेंबर हा दिवस आपल्याला आणखी दोनदा लागतो. १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली तोच. आणि १९५४ ला आपल्या ह्याच पट्ट्यात, देहूरोडला, बाबासाहेबांनी स्वतःच्या हातानं बुद्धमूर्ती बसवली तोही. धर्मांतराच्या जवळजवळ दोन वर्षं आधी! निगडीवरनं देहूरोड किती लांब आहे? बाबासाहेब दिल्ली-मुंबईहून मूर्ती बसवायला इथवर आले. तुला वाकडहून पत्रिकेवर त्याच मूर्तीचं चित्र आणता येईना.

महापरिनिर्वाणाच्या दोन दिवस आधी, ४ डिसेंबर १९५६ च्या पत्रात, बाबासाहेबांनी बौद्ध लग्न कसं लावायचं ते लिहून ठेवलंय. होम नाही, सप्तपदी नाही. पाण्यानं भरलेला कोरा मातीचा घट, त्यातनं दोघांच्या हाती जाणारा सूत, पांढरे कपडे, मंगलसुत्त. शरीर थकलेलं, कामाचे डोंगर पुढ्यात, तरी त्या माणसाला आपल्या लग्नाची पद्धत पत्रात लिहून द्यावीशी वाटली. पत्रिका ही किरकोळ गोष्ट आहे असं म्हणणाऱ्यानं हे पत्र आधी वाचावं.

किरकोळ म्हणणाऱ्यांना आणखी एक विचारतो. लग्नाची नोंदणी करायला जाल तेव्हा अर्जाला लग्नपत्रिका जोडा म्हणतात. नसली तर प्रतिज्ञापत्र द्या म्हणतात. आता दोनातली कोणती जोडणार? एकीत मंगल परिणय, एकीत शुभविवाह. आजोबा एकीत कालकथित, एकीत कैलासवासी. उद्या पोरगी नांदायला गेल्यावर वाद झाला, कोर्टात लग्न कुठल्या विधीनं लागलं असं विचारलं, तर वकील कोणता कागद पुढं करणार? कायद्यानं आपण अजून १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याखालीच मोडतो, बौद्धांना त्यात घातलेलं आहे. ज्याला ते नको त्याला १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे, तीस दिवसांची नोटीस द्यायची. तेव्हा बौद्ध म्हणून लग्न लागलं ह्याचा आपल्या हातातला साधा कागद म्हंजे ही पत्रिका आणि विधी लावणाऱ्या संस्थेचा दाखला. तोच कागद आपण दुतोंडी करून ठेवतो.

भीतीचं काय, असं एक मित्र म्हणाला. भीती खोटी आहे असं मी म्हणत नाही. ७ जून २०२० ला आपल्याच शहरात, पिंपळे सौदागरात, प्रेमप्रकरणावरनं आपल्या वीस वर्षांच्या पोरावर हल्ला झाला, दुसऱ्या दिवशी तो मेला. मे २०१५ मध्ये शिर्डीला एका लग्नासाठी आलेल्या पोराच्या मोबाईलवर बाबासाहेबांचं गाणं वाजलं, त्याला उचलून नेऊन मारला. १ जून २०२३ ला नांदेडजवळच्या बोंढार हवेलीत एक वरात चालली होती. गावात भीमजयंती काढली ह्या रागानं आपला तरुण भोसकला. लग्न, वरात, गाणं, नाव. ह्याच गोष्टींवरनं माणसं मारतात, म्हणून ह्या गोष्टी लहान नाहीत.

पण जरा बघा, लपवतं कोण? माझा मामा धाराशिवकडच्या खेड्यात राहतो. दुसऱ्याच्या रानात सालानं राबतो. त्यानं पोराच्या लग्नाची निळी पत्रिका भर दिवसा पाटलाच्या आळीत नेऊन दिली, सरपंचाच्या हातात दिली. त्याला भीती नव्हती? त्याची तर रोजची भाकर त्याच आळीतनं येते. आणि ज्याच्या गेटवर वॉचमन आहे, ज्याचा पगार बँकेत जमा होतो, तो दोन पत्रिका छापतो! मार खायची भीती मामाच्या वाट्याला आणि लाजायची सवय ह्याच्या वाट्याला. भीतीला मी समजून घेईन. लाजेला 'भीती' म्हणून खपवू नका.

'बौद्ध' लिहिलं तर सवलती जातील हे एके काळचं कारण होतं. केंद्राच्या सवलतींबाबत ते खरंही होतं. १९९० ला कायदा बदलला, बौद्ध झालेल्या अनुसूचित जातींना त्या सवलती मिळाल्या. त्याला तीस वर्षांवर होऊन गेली. आता ते कारणही उरलं नाही. व्हॉट्सॲपवर तर ह्यांचं आणखी सोपं झालंय. दोन ग्रुप, दोन फोटो, खर्च शून्य.

आता निळीवाल्यांनो, तुम्ही टाळ्या वाजवू नका. तुमच्याशीही बोलायचंय.

वर बुद्ध छापला की काम झालं असं तुम्हाला वाटतं. खाली काय छापता ते वाचता का? 'दुपारी १२ वाजून ३५ मिनिटांनी'. ही पस्तीस मिनिटं कुठनं आली? पंचांग फेकून दिलं म्हणता आणि मिनिटं मात्र भटजीच्या घड्याळातली! बरं, लग्न त्या वेळेला लागतं का? लागतं अडीचला, कारण नेता यायचा असतो. नेत्यांची नावं तर विचारू नका. एका पत्रिकेवर मी बावन्न मोजली. ३ ऑक्टोबर १९५७ ला स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाचे पुढं जेवढे तुकडे झाले ते सगळे त्या एका कागदावर सुखानं नांदत होते. एवढी एकी बाहेर असती तर महापालिका आपली असती. आणि त्या बावन्नात नवरीच्या आईचं नाव सापडायला मला चष्मा लागला असता.

नवरीच्या नावामागं काय? 'चि. सौ. कां.' फोडून वाचा. सौभाग्यकांक्षिणी. तो नुसता चिरंजीव, आणि तिनं सौभाग्याची इच्छा धरायची, म्हंजे त्याच्या आयुष्याची. तो मेला की तिची पदवी गेली. म्हणून तर आमच्या निळ्या पत्रिकेवरही विधवा आत्याचं नाव निमंत्रकांत नसतं, जरी हळदीपासून भांड्यापर्यंत सगळं तीच बघते. बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलासाठी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडलं आणि आपण पोरीला पत्रिकेत एक सरळ नाव देईना झालो. ही वरनं स्टिकर, खाली सोंड नाही तर काय?

आमच्या घरी ह्याच शब्दावरनं वाद झाला. बहीण म्हणाली, "दादा, मी कसली कांक्षा करत बसलीय? मी आठ तास उभी राहून वायरी बांधते. ते लिही." आबा म्हणाले, "पोरीच्या नावामागं कायतरी पाहिजे, नुसतं बोडकं दिसतं." ती म्हणाली, "मग दोघांच्याही मागं सारखंच लावा." शेवटी दोघांच्या मागं 'आयु.' लागलं. नवऱ्याकडच्यांनी दोन दिवस फोनवर कुरकुर केली. त्यांच्या मोठ्या भावाला 'क्लासिक' पाहिजे होती, कारण तो एका कंपनीत सुपरवायझर आहे. त्याला बहिणीनं स्वतः फोन लावला. काय बोलली ते मला सांगितलं नाही. पण संध्याकाळी त्याचा निरोप आला, तुमच्याप्रमाणं छापा, आमच्याकडच्या शंभर द्या.

आमची पत्रिका एका रंगात, साध्या पांढऱ्या कागदावर छापली. चित्र एकच, घट आणि सूत. वरती नमो बुद्धाय, जय भीम. आईचं नाव आधी, आबांचं नंतर. आजा १९७२ च्या दुष्काळात बिऱ्हाड घेऊन पिंपरीला आला, त्याच्या नावामागं कालकथित. निमंत्रक म्हणून पहिलं नाव आत्याचं. दोघं काय काम करतात ते नावाखाली लिहिलं. वेळ दुपारी १२. पत्ता डॉ. बाबासाहेब आंबेडकर चौक, पिंपरी. शेवटी, आहेर नको, पुस्तक आणा, वस्तीच्या वाचनालयाला द्यायचंय. नेत्याचं नाव एकही नाही, त्यामुळं दोन नेते रुसलेत. तीनशेचा खर्च १,८०० रुपये.

मिलमध्ये साहेबालाही हीच दिली. त्यानं उलटसुलट करून वाचली आणि विचारलं, "हे कालकथित म्हंजे काय?" मी सांगितलं. तो "अस्सं" म्हणाला आणि पत्रिका खणात ठेवली.

चाळीस पत्रिका उरल्यात. ज्या कुणाच्या घरी लग्न निघालंय त्यानं एक घेऊन जावी, मजकूर तोच ठेवावा, नावं आपली घालावीत. माझी शिफ्ट रात्री आठला सुटते.